‘ताई, हे मी कुणाला दाखवू?’

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका एका लहान सामाजिक संस्थेत काम करतात. शाळा मध्येच सुटलेल्या, घरात नियमित उत्पन्न नसलेल्या १७ ते २३ वयाच्या मुलामुलींना व्हिडिओ बनवायला शिकवावे आणि त्यातून त्यांना रोजगार मिळावा, या हेतूने संस्थेने तीन महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. आतापर्यंत दोन तुकड्यांतून २६ जण शिकून बाहेर पडले. दोन्ही समारोपांना मुलांचे लघुपट दाखवले गेले आणि ते पाहताना अनेकांचे डोळे पाणावले. आज मात्र त्या २६ जणांपैकी फक्त चौघांना या कौशल्याचे काही ना काही काम मिळते. समारोपानंतर चार महिन्यांनी एक मुलगी प्रमाणपत्र घेऊन केंद्रावर आली आणि म्हणाली, ‘ताई, हे मी कुणाला दाखवू?’ त्या दिवसापासून पत्रलेखिकेच्या मनात ही टोचणी आहे.

आता एक देणगीदार चांगले कॅमेरे घेऊन द्यायला तयार आहेत. पुढच्या तुकडीतल्या मुलांनी स्वतःच्या आयुष्यातल्या संघर्षावर व्हिडिओ करावेत आणि ते सर्वांना पाहता यावेत, अशी त्यांची अपेक्षा आहे. दुसरीकडे, संस्थेतले एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात की हा अभ्यासक्रम म्हणजे मुलांना दाखवलेली खोटी आशा आहे. तो बंद करावा आणि लगेच मजुरी मिळेल असे काही शिकवावे. पत्रलेखिका विचारतात, ‘कॅमेरे घ्यावेत, की हा उद्योगच थांबवावा? आम्ही या मुलांची फसवणूक तर करत नाही ना?’

सप्रेम नमस्कार.

त्या मुलीचा प्रश्न तुम्ही निराशेचा उद्गार म्हणून घेतला आहे, आणि त्या दिवशीचा तिचा चेहरा आठवून तुम्हाला तसे वाटणे साहजिक आहे. मला मात्र तिच्या वाक्यात एक अतिशय नेमकी चौकशी दिसते. तीन महिन्यांत ती कॅमेरा धरायला शिकली, दृश्ये जोडायला शिकली, त्यांवर संगीत घालायला शिकली. पण हे काम कुणाला लागते, तो माणूस कुठे भेटतो, त्याच्याशी काय बोलायचे आणि मोबदला कसा मागायचा, हे तिला कुणी सांगितले नाही. तिने नेमके तेच विचारले आहे. फसवणूक हेतूतून होते आणि तुमचा हेतू तसा नाही, हे तुमच्या पत्राच्या ओळीओळीत दिसते. तरीही अभ्यासक्रमाचा एक अर्धा भाग घडलाच नाही, हे मान्य करून पुढे जाऊ.

तुम्ही माझ्यापुढे कॅमेरे घेणे आणि बंद करणे असे दोन पर्याय ठेवले आहेत. दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीतक आहे, की कौशल्य पुरेसे चांगले असले की काम आपोआप येते. काम आले नाही म्हणजे एक तर साधने कमी पडली किंवा विषयच चुकला. या गृहीतकाकडे थोडे थांबून पाहा. समारोपाला मुलांनी लघुपट दाखवले. नवख्या माणसाकडून लघुपट विकत घेणारे फार थोडे असतात. ज्यांना पैसे मोजून व्हिडिओ हवा असतो, त्यांची गरज बहुधा फार साधी असते: नव्या कामगारांना यंत्र सुरक्षितपणे कसे चालवायचे हे दाखवणारी चार मिनिटांची फीत, तासाभराच्या व्याख्यानातून काढलेले आठ-दहा छोटे तुकडे, एखाद्या वस्तूचे प्रात्यक्षिक, एखाद्या प्रशिक्षकाचे स्वच्छ आवाजातले धडे, जुन्या व्हिडिओला हवे असलेले सबटायटल. तुमच्या २६ जणांपैकी किती जणांनी अभ्यासक्रमाच्या काळात दुसऱ्या कुणासाठी, त्याने सांगितलेले, त्याने ठरवलेल्या तारखेला द्यायचे असे एक तरी काम पुरे केले होते? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. माझा अंदाज आहे की उत्तर शून्याच्या जवळ जाणारे असेल.

म्हणून पुढची तुकडी घेण्याआधी एक महिना शिकवणे थांबवा आणि गिऱ्हाइकाकडे जा. तुम्ही, तुमचा प्रशिक्षक आणि आधीच्या तुकड्यांतली तीन-चार मुले मिळून वीसेक ठिकाणी बसून या: शिकवणी वर्ग, दवाखाने, छोटे कारखाने, दुकानदारांच्या संघटना, ग्रंथालये, दुसऱ्या सामाजिक संस्था. तिथे ‘आमच्याकडून व्हिडिओ करून घ्या’ असे म्हणू नका. ‘गेल्या वर्षभरात तुम्हाला कोणता व्हिडिओ हवा होता आणि तो का झाला नाही?’ एवढेच विचारा आणि उत्तरे शब्दशः लिहून घ्या. मी स्वतः अशा फेऱ्या केल्या आहेत आणि दर वेळी मला कलेपेक्षा वेगळ्याच तक्रारी ऐकू आल्या: करणाऱ्याने काम अर्धवट सोडले, बोलणे नीट ऐकू येत नव्हते, वेळेत मिळाले नाही, एक वाक्य बदलायला सांगितले तर फोन उचलला नाही. तुमचा पुढचा अभ्यासक्रम याच तक्रारींतून तयार होईल.

आता कॅमेऱ्यांबद्दल. देणगी नाकारा असे मी म्हणणार नाही, पण ती कशावर खर्च व्हावी याविषयी देणगीदारांशी मोकळेपणाने बोला. आजचे साधारण फोनही १९२० बाय १०८० पिक्सेलचे चित्र बऱ्यापैकी घेतात आणि वर सांगितलेल्या बहुतेक कामांना तेवढे पुरते. फोर-के चित्रात त्याच्या चौपट पिक्सेल असतात. त्याचा अर्थ साठवायला मोठ्या हार्ड डिस्क आणि एडिटिंगला दमदार संगणक. ते नसताना घेतलेला भारी कॅमेरा कपाटात बसतो. त्याहून मोठी अडचण अशी, की केंद्रावर चांगल्या कॅमेऱ्यावर हात बसलेला मुलगा घरी गेला की त्याच्या हातात काहीच उरत नाही. ज्या साधनावर तो उद्या कमावणार आहे, त्याच साधनावर त्याला शिकवले पाहिजे.

खरी कमतरता आवाजात असते. एक प्रसंग सांगते. मी शिकवत असताना एका मुलाने केलेली मुलाखत आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिली. चित्र सुरेख होते, खिडकीतला प्रकाश बोलणाऱ्या बाईंच्या गालावर छान पडला होता, आणि त्यांचे एकही वाक्य धड समजत नव्हते. मी पडद्यावरचे चित्र बंद केले आणि नुसता आवाज पुन्हा लावला. पंख्याची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न, आणि कुठेतरी दूरवर एक बाई बोलत आहेत. तो मुलगा काही न बोलता उठला. त्याने पंखा बंद केला, खिडकी लावली, समोरच्या उघड्या भिंतीवर चादर टांगली, दुसरा फोन एका मैत्रिणीच्या छातीशी खिशात ठेवून त्यावर आवाज घेतला आणि तीच चार वाक्ये तिच्याकडून बोलून घेतली. हा फरक त्याला कुणी समजावून सांगावा लागला नाही. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासून माइकचे अंतर दुप्पट झाले की त्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, आणि सगळीकडे भरून राहिलेला गोंगाट मात्र तेवढाच राहतो. हा नियम मी त्यानंतर फळ्यावर लिहिला तेव्हा त्याला तो आधीच कळलेला होता. म्हणून देणगीतून कॉलर माइक, ट्रायपॉड, कान झाकणारे हेडफोन, पुरेशी मेमरी असलेले दोन-तीन संगणक आणि हार्ड डिस्क घ्या. सॉफ्टवेअरवर खर्च करण्याची गरज नाही. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही एडिटिंगची मुक्त सॉफ्टवेअर आहेत, दाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती व्यावसायिक कामाला पुरेल इतकी सक्षम आहे, आणि आवाज साफ करायला ऑडॅसिटी आहे.

फोनवर शिकवायचे म्हणजे कमी शिकवायचे, असे मात्र नाही. विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असेल तिथे दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ स्थिर चित्रे, आणि प्रत्येक चित्राला १/५० सेकंदाचा शटर ठेवला की चित्र लुकलुकत नाही. बरेच फोन फ्रेमचा वेग मध्येच थोडा बदलतात आणि त्यामुळे काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये लांब मुलाखतीत ओठांची हालचाल आणि आवाज हळूहळू वेगळे पडत जातात. हे ज्याला माहीत असते, आणि ते झाल्यावर दुरुस्त करता येते, त्याला लोक पुन्हा बोलावतात.

शिकवण्याच्या वेळेतला मोठा वाटा एडिटिंगला आणि सबटायटलला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चित्रीकरणाचे काम मिळायला ओळखी लागतात, प्रवास लागतो, स्वतःची साधने लागतात. आणि ज्या मुलींना घरून उशिरापर्यंत बाहेर राहू देत नाहीत त्यांच्यासाठी तो दरवाजा पुष्कळदा अर्धाच उघडतो. एडिटिंग आणि सबटायटलचे काम एका जागी बसून, ठरलेल्या वेळात करता येते. वेबवरचा मजकूर सर्वांना वापरता यावा यासाठी जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्या डब्ल्यूसीएजीमध्ये आधी मुद्रित केलेल्या, आवाज असलेल्या व्हिडिओला कॅप्शन, म्हणजे बोलणे आणि महत्त्वाचे आवाज पडद्यावर लिहून दाखवणारा मजकूर, असणे ही ‘ए’ म्हणजे अगदी पहिल्या पातळीची अट आहे. ज्या संस्थांना ही तत्त्वे पाळायची असतात, त्यांना हे काम टाळता येत नाही. आता यंत्रे सबटायटल आपोआप तयार करतात हे खरे आहे. पण बोलीतले शब्द, माणसांची नावे, एखाद्या धंद्यातल्या खास संज्ञा ती चुकवतात आणि ते तपासायला माणूस लागतो. तुमच्या मुलांना घरची बोली येते, ही या कामात त्यांची जमेची बाजू आहे. शुद्धलेखन मात्र कच्चे असेल, आणि तिथे तुम्हाला मेहनत घ्यावी लागेल. शाळा सुटलेल्या मुलांना पुन्हा ऱ्हस्व-दीर्घ शिकवायचे म्हटले की ती अंग चोरतात; पण स्वतःच्या सबटायटलमधली चूक गिऱ्हाइकाने दाखवली की तीच मुले शब्दकोश उघडतात.

अभ्यासक्रमाचा शेवटचा दीड महिना खऱ्या कामासाठी ठेवा. तुमच्या वीस ठिकाणांपैकी चार-पाच जणांचे एकेक काम घ्या, तीन-तीन मुलांना ते सोपवा आणि सुरुवात कागदावर करायला लावा: व्हिडिओ कुणासाठी आहे, तो कुठे दिसणार, किती लांबीचा हवा, कधी हवा, किती वेळा बदल करून मिळतील, मोबदला किती आणि तो कोणत्या टप्प्याला. बदल दोनदा करून मिळतील, असे आधीच लिहिलेले असले की नवव्या बदलाच्या वेळी मुलगा रडकुंडीला येत नाही. मोबदला थोडा असला तरी चालेल, पण फुकट काम कुणासाठीही करू देऊ नका, ओळखीच्या संस्थेसाठीही नाही, कारण फुकट केलेल्या कामात कुणी चूक दाखवत नाही आणि चूक दाखवली गेल्याशिवाय ही मुले पुढे सरकणार नाहीत. केलेले काम शोरीलमध्ये, म्हणजे स्वतःच्या निवडक कामांच्या छोट्या फितीत, दाखवण्याची परवानगीही त्याच कागदावर घ्या. तुमच्या मुलीला जे दाखवायचे होते ते हेच आहे. प्रमाणपत्र पाहून कुणी एडिटर ठेवत नाही.

एका गोष्टीवर मला थोडे रेंगाळू द्या, कारण ती माझ्याच चुकीतून मला कळली. माझ्या एका विद्यार्थ्याने एका संस्थेच्या दिवसभराच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण केले, रात्री ते संगणकावर उतरवले असे समजून मेमरी कार्ड पुसले, आणि सकाळी लक्षात आले की निम्म्या क्लिप उतरल्याच नव्हत्या. त्याला ते काम गमवावे लागले, पुढची दोनही गेली, आणि तो काही महिने कुणाला भेटेना. मी त्याला चार आठवडे दृश्यरचना शिकवली होती आणि दुसरी प्रत कुठे ठेवतोस, असे एकदाही विचारले नव्हते. तेव्हापासून मी पहिल्या दिवसापासून तीन प्रतींचा नियम लावते: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी, आणि दोन प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसायचे नाही. गरीब घरातल्या मुलाला पहिली चूक फार महाग पडते. ज्याच्या पाठीशी ओळखी असतात त्याला दुसरी संधी मिळते. याला बहुधा मिळत नाही. म्हणून ज्या चुका टाळता येण्याजोग्या आहेत, त्या वर्गातच होऊन जाव्यात अशी व्यवस्था करणे आपल्याकडे लागते.

देणगीदारांची जी अपेक्षा आहे, तिथे मात्र मी तुम्हाला सावकाश जायला सांगेन. स्वतःची गोष्ट सांगण्यात मोठी शक्ती असते, यात शंका नाही. १९६७ साली कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटावर कॉलिन लो यांच्या दिग्दर्शनाखाली तिथल्या मच्छीमार वस्त्यांबरोबर दोन डझनांहून अधिक लहान चित्रफिती केल्या. बेट सोडून दुसरीकडे जावे म्हणून त्या लोकांवर दबाव होता. चित्रफिती बाहेर जाण्याआधी त्या त्या माणसांना दाखवल्या जात आणि त्यांची संमती घेतली जाई. मग त्या बेटावरच्या दुसऱ्या वस्त्यांत आणि पुढे सरकारी अधिकाऱ्यांपुढेही दाखवल्या गेल्या. लोक एकमेकांशी बोलू लागले, त्यांनी सहकारी संस्था उभी केली आणि बेट सोडले नाही. हे उदाहरण या क्षेत्रात पुष्कळ सांगितले जाते, पण सांगताना दोन गोष्टी निसटतात. पहिली, काय दाखवायचे आणि काय नाही, हे त्या माणसांच्या हातात होते. दुसरी, त्या कामाचा हेतू कुणाला नोकरी लावून देणे हा नव्हताच. आवाज मिळणे आणि रोजगार मिळणे या दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. पहिलीसाठी केलेला व्हिडिओ दुसरी मिळवून देईल, असे धरून चालू नये.

उलट तो आड येऊ शकतो. वयाच्या अठराव्या वर्षी वडिलांच्या व्यसनाबद्दल कॅमेऱ्यासमोर रडलेली मुलगी चोविसाव्या वर्षी नोकरीला अर्ज करील, तेव्हा तिचे नाव शोधणाऱ्याला पहिल्यांदा तोच व्हिडिओ दिसेल. तिच्या वडिलांनी आणि भावंडांनी तर कधी संमती दिलेलीच नव्हती. १९८९ च्या बालहक्क करारातले सोळावे कलम अठरा वर्षांखालच्या मुलांचा खासगीपणाचा हक्क मान्य करते. तुमच्या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यांना तो लागू आहे, आणि पालकांची सही घेतली म्हणून मुलाचा नकार पुसला जात नाही. प्रवेश हवा असेल तर गोष्ट सांगा, असा अर्थ निघेल अशी कोणतीही अट तुमच्या अर्जात असता कामा नये. ज्यांना स्वतःहून सांगायचे आहे त्यांना जरूर सांगू द्या, पण व्हिडिओ तयार झाल्यावर काही आठवड्यांनी तो पुन्हा दाखवा आणि ‘अजूनही चालेल का?’ असे विचारा. देणगीदारांना हे सांगताना सोबत एक प्रस्तावही द्या: त्यांना त्यांच्या मदतीचा परिणाम पाहायचा आहे, तर त्यांच्या स्वतःच्या संस्थेला किंवा व्यवसायाला लागणारा एखादा व्हिडिओ त्यांनी तुमच्या मुलांकडून रीतसर मोबदला देऊन करून घ्यावा. बहुतेक माणसांना ही कल्पना आवडते, कारण ती कुणी त्यांना आधी सुचवलेलीच नसते.

तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे अभ्यासक्रम बंद करण्याइतके मला पटत नाही. पण त्यांच्या काळजीत तथ्य आहे. ज्या घरात पुढच्या आठवड्याचा खर्च अडलेला असतो, तिथल्या मुलाचे तीन महिने ही फार मोठी किंमत असते, मग तुम्ही शुल्क घ्या की न घ्या. म्हणून निदान प्रवासखर्च आणि थोडे विद्यावेतन यांची तजवीज अंदाजपत्रकात करा, वर्गाच्या वेळा मजुरीच्या वेळांशी जुळवा, आणि पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की या क्षेत्रातले बरेचसे काम तुकड्यातुकड्यांनी मिळते, एका महिन्यात तीन कामे येतात आणि पुढच्या महिन्यात एकही येत नाही. ज्याला महिन्याच्या महिन्याला ठरावीक रक्कम लागतेच, त्याला दुसरी नोकरी धरून हे जोडकाम म्हणून करायला सांगण्यात काहीही कमीपणा नाही. दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा, आणि त्याच दुकानाचे छोटे व्हिडिओ करून देणारा मुलगा मालकाला सोडवत नाही. आणि अहवालात ‘आत्मविश्वास वाढला’ असे लिहून थांबू नका. तो वाढला असेलही. तरी सहा महिन्यांनी किती जणांना मोबदल्याचे काम मिळाले, एकूण किती रक्कम हातात आली आणि किती गिऱ्हाइकांनी दुसऱ्यांदा बोलावले, हे तीन आकडे त्याच्या शेजारी लिहा.

शेवटी, आधीच्या तुकड्यांतल्या, काम न मिळालेल्या त्या बावीस जणांकडे वळू. नव्या तुकडीच्या गडबडीत त्यांना विसरू नका. माझ्या मते तुमची पहिली जबाबदारी तीच आहे. वर्ग सुटल्यावर केंद्राचे संगणक त्यांच्यासाठी उघडे ठेवा. पाच-सहा जणांचा एक गट करा, आठवड्यातून दोनदा येऊन काम तपासणारा एखादा अनुभवी एडिटर मानधनावर नेमा, आणि कामे सुरुवातीला संस्थेच्या नावाने घ्या. नवख्या मुलाला काम द्यायला लोक कचरतात, संस्थेला द्यायला तितके कचरत नाहीत; काम बिघडले तर सांभाळून घेणारे कुणी आहे, हे गिऱ्हाइकाला कळले पाहिजे. वर्षभरात यातले काही जण आपापली गिऱ्हाइके घेऊन बाहेर पडतील. त्यांना आनंदाने जाऊ द्या.

त्या मुलीला याच आठवड्यात फोन करा. तुमच्या संस्थेला वर्षातून एकदा तरी स्वतःच्या कामाची चार-पाच मिनिटांची फीत लागतच असेल. ते काम तिला द्या, मोबदला आणि तारीख कागदावर लिहून द्या. पहिली प्रत घेऊन ती आली की तिच्या शेजारी बसा, चित्र बंद करा, आणि आधी नुसता आवाज ऐका.